पट एक, कायदे अनेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात भोपाळ येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका शाळामास्तराने खेळावर बोलावे, हे काही जणांस खटकेल. शिक्षणावर बोला, आरोग्यावर बोला, समाजाच्या ऐक्यावर बोला, असे आम्हांस सुचवण्यात आले होते. त्या विषयांचे अधिकारी वक्ते आज व्यासपीठावर बसलेले आहेत. त्यांच्यापुढे आम्ही काय बोलणार? आमचा दिवस मुलांच्या संगतीत जातो, आणि मुलांच्या संगतीत राहणाऱ्याला खेळाकडे पाठ फिरवून चालत नाही. म्हणून आज आपल्यापुढे बुद्धिबळाची आणि बुद्धिबळासारख्याच एका नव्या खेळाची हकीकत ठेवणार आहोत. तीत आमची एक चूकही आहे. तीही सांगणार आहोत.

आमचे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली आणि कचेऱ्यांबरोबर माणसेही आली. त्यांत ते होते. आमच्या घरात उर्दू, बाजारात हिंदी आणि आजोबांच्या कपाटात मराठी पुस्तके, असे तीन भाषांचे नांदते घर होते. या शहराने आमच्या घराला जे दिले त्यात एक देणगी पटियांची. जुन्या भोपाळात दुकानांपुढे दगडी पटिया असतात. रात्री दुकाने मिटली की त्यांवर मंडळी जमतात, गप्पा रंगतात, आणि कोठे कोठे शतरंजची बिसात अंथरली जाते. मोहरी कशी चालतात हे आम्ही प्रथम तेथेच, वडिलांच्या मांडीवर बसून पाहिले.

आता त्या नव्या खेळाकडे वळू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गातील एक मुलगा उदास दिसला. विचारले तर म्हणाला, "सर, खेळाची नवी आवृत्ती आली आणि माझा मॉड बंद पडला." आम्हांस काही कळले नाही. मधल्या सुटीत त्याला बसवून घेतले आणि सारे समजावून घेतले. मुलगा अबोल, पण या विषयावर अर्धा तास न थांबता बोलला.

खेळाचे नाव 'ड्वार्फ फोर्ट्रेस', म्हणजे बुटक्यांचा किल्ला. अमेरिकेतील टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या दोघा भावांनी तो २००२ साली रचावयास घेतला. टार्न हे गणितज्ञ; २००५ साली त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढच्याच वर्षी विद्यापीठातील नोकरी सोडून ते पूर्ण वेळ खेळाला लागले. ८ ऑगस्ट २००६ रोजी खेळ लोकांच्या हाती आला. आज वीस वर्षे होत आली तरी तो पुरा झालेला नाही. भाऊ त्यात भर घालीतच आहेत.

या खेळात संगणक आधी एक जग निर्माण करतो. डोंगर, नद्या, खनिजे, पाऊस, राज्ये, लढाया असा शेकडो वर्षांचा इतिहास घडतो, आणि मग त्या जगात सात बुटके डोंगर पोखरून वस्ती करावयास निघतात. त्यांना भूक लागते, राग येतो, आप्त वारले तर दुःख होते. पाणी उताराने वाहते, आणि खाणीत चुकीची भिंत फोडली तर वस्ती बुडते. जिंकण्याची व्यवस्थाच नाही. कधी ना कधी वस्ती मोडते. त्या मोडण्यातच मौज आहे, असे खेळणारे म्हणतात. प्रथम कित्येक वर्षे त्यात चित्रेही नव्हती. पडद्यावर अक्षरे आणि चिन्हे दिसत. कोणते अक्षर मांजर आणि कोणते झाड, हे खेळाडूने ओळखावे.

मांजराचीच एक गोष्ट मुलाने सांगितली. २०१५ साली खेळात मद्यालये आली, आणि थोड्याच दिवसांत मांजरे मरत असल्याच्या तक्रारी आल्या. कोणी विष घालीत नव्हते, कोणी मारीत नव्हते. शोध केला तेव्हा उलगडा झाला. मद्यालयात पेले सांडत, जमीन ओली होई, मांजरे त्यावरून चालत आणि मग आपल्या सवयीप्रमाणे पाय चाटून स्वच्छ करीत. पायाला लागलेला थेंब खेळाच्या हिशेबात पुऱ्या पेल्याइतका धरला जात होता! मांजरे झिंगून मरत होती. एका नियमाला दुसरा नियम येऊन मिळाला की कोणी न ठरवलेले तिसरेच काही घडते, हे आम्ही आमच्या विज्ञानाच्या तासाला इतक्या सोप्या रीतीने कधी शिकवले नव्हते.

मॉड म्हणजे खेळाडूने केलेला फेरबदल. या भावांनी खेळातील प्राणी, झाडे, धातू यांची वर्णने साध्या मजकुराच्या फाइलींत उघडी ठेवली. ज्याला वाटेल त्याने त्या उघडाव्या आणि बदलाव्या. कोणी नवे प्राणी आणले, कोणी अक्षरांच्या जागी चित्रे घातली. मूळ खेळ पुढे गेला की हे फेरबदल कधी कधी जुळेनासे होतात आणि पुन्हा बसवावे लागतात. आमचा विद्यार्थी त्याच खटपटीत होता.

विश्वस्त मंडळींना आणखी एक गोष्ट आवडेल. खेळ सोळा वर्षे फुकट वाटला गेला आणि वर्गणीवर चालला! ज्याला वाटेल त्याने वाटेल तेवढे पाठवावे. त्याबद्दल भाऊ हाताने काढलेले चित्र किंवा एखादी गोष्ट पाठवीत. पुढे झॅक यांना कर्करोग झाला, आजारपणाच्या खर्चाची चिंता उभी राहिली, तेव्हा २०१९ साली त्यांनी विकत देण्याची आवृत्ती काढण्याचे जाहीर केले. ती ६ डिसेंबर २०२२ रोजी निघाली आणि थोड्याच आठवड्यांत तिच्या लाखो प्रती खपल्या. तिच्यातील चित्रांचे काम हौसेने फेरबदल करणाऱ्या खेळाडूंपैकीच काहींकडे देण्यात आले. जुनी फुकट आवृत्तीही बंद केली नाही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहात प्रथम जे चौदा संगणकीय खेळ घेतले, त्यांत हा एक आहे.

हे ऐकून आम्ही मान डोलावली, कौतुक केले, आणि "अभ्यासही करीत जा" असे मास्तराला शोभेल ते वाक्य बोलून विषय संपवला. तो खरोखर संपला नव्हता.

त्याच वर्षी हिवाळ्यात आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धा झाली. मुलांना घेऊन जाण्याचे काम आमच्याकडे होते. हा मुलगाही चमूत होता, कारण शाळेत तो सर्वांना हरवी. त्याला खेळ आजोबांनी शिकवला होता. आजोबा पटियावरचे नावाजलेले खेळाडू.

तिसऱ्या फेरीत त्याने भर पटावर राजा उचलला आणि घोड्याच्या चालीने अडीच घरे उडवला. पंचांनी खेळी परत घेववली, समज दिली आणि प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटे वाढवून दिली. पोरे हसली. मुलगा लाल झाला. पण सावरला आणि डाव त्याने जिंकत आणला. त्याचे एक प्यादे घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचले. वजीर मागावयाचा अवकाश, की बाजी त्याची होती. त्याने घोडा घेतला. कायद्याने घोडा घेण्यास हरकत नाही, म्हणून पंच गप्प राहिले. मुलगा हरला.

बाहेर आल्यावर आम्ही सर्वांसमक्ष त्याला म्हणालो, "आजोबांचे चुकीचे नियम आता विसर." त्याने खाली पाहिले आणि हळूच विचारले, "सर, माझ्या खेळात कोणी नियम बदलला तर त्याला मॉड म्हणतात. आजोबांच्या नियमाला चूक का म्हणावयाचे?"

मंडळी, आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही घरी आलो आणि पुस्तके काढली. जे वाचले ते थोडक्यात सांगतो.

बुद्धिबळ हे मुळात लढाईचेच नाटक. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना म्हणजे चतुरंग. सुमारे सहाव्या शतकात हा खेळ हिंदुस्थानात रूढ झाला. सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात त्याचा उल्लेख येतो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात त्याचे वर्णन आहे. सतराव्या शतकात नीलकंठभट्ट यांच्या नीतिमयूखातही ते आढळते; काशीला स्थायिक झालेले हे घराणे मूळचे आपल्या पैठणचे.

येथून खेळ इराणात गेला, इराणातून अरबांकडे गेला, आणि चतुरंगाचे शतरंज झाले. त्या जुन्या शतरंजात वजीर तिरपा एकच घर चाले; आजच्या वजिराचा दरारा त्याला नव्हता. हत्ती तिरपी दोन घरे उडी मारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कोणीतरी वजिराला आणि त्या तिरप्या मोहऱ्याला पटभर धावण्याची मुभा दिली, आणि शांत चालणारा खेळ एकदम तलवारीसारखा चपळ झाला. प्याद्याची पहिली दोन घरांची चाल, किल्लेकोट, हीदेखील मागाहून आलेली भर. शह नसताना राजाला खेळीच उरली नाही तर काय समजावे, यावर तर देशोदेशी मतभेद. आज तो डाव बरोबरीत सुटतो. जुन्या शतरंजात कोंडणारा जिंके. आणि इंग्लंडात सतराव्या-अठराव्या शतकांत कोंडणारालाच हरलेला मानीत! मोहऱ्यांची नावेही मुक्कामागणिक बदलली. कोपऱ्यातल्या रथाच्या जागी आपल्याकडे हत्ती आला, आणि हत्तीच्या जागी उंट. बंगालात त्याच कोपऱ्यात नौका आहे.

ज्याला आम्ही 'बरोबर' नियम म्हणत होतो, तेही असे फेरबदलांचेच गाठोडे निघाले. आपल्याकडे जी देशी पद्धत टिकली तिचे कायदे निराळे होते. प्यादे एकच घर चाले. शह लागला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल त्या मोहऱ्याचा मान त्याला मिळे. समोरच्याचा राजा एकटाच उरला तर बुर्ज. मग विजयाचा पुरा मान नाही. आमच्या विद्यार्थ्याने केलेल्या दोन्ही गोष्टी या कायद्याला धरूनच होत्या.

या देशी पद्धतीला कोणी अडाण्यांचा खेळ समजू नये. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्यशास्त्री यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजीत छापून निघाला. युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले डाव त्यात आहेत. म्हणजे दोन कायद्यांमध्ये पूल बांधणारी माणसे तेव्हाही होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्याला मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी अनेक डाव खेळले. एकेका घराने चालणाऱ्या प्याद्यांची सवय असलेल्या या गृहस्थाने उंट बाजूच्या घरात बसवून, मध्यभाग प्रतिस्पर्ध्याला देऊन, मागून त्यावर हल्ला चढवण्याची रीत ठेवली. त्या काळच्या युरोपीय पंडितांना ती विचित्र वाटे. आज जगभरचे ग्रँडमास्टर जो 'किंग्ज इंडियन' बचाव खेळतात, त्याच्या नावातील 'इंडियन'चा संबंध या डावांशीच जोडला जातो. कायदा आपला गेला. चाल मात्र जगाने ठेवून घेतली.

मीर सुलतान खान यांचे उदाहरण आणखी बोलके आहे. पंजाबच्या मिठा टिवाणा गावचे हे गृहस्थ देशी पद्धतीत वाढले. १९२६ च्या सुमारास त्यांच्या आश्रयदात्याने, सर उमर हयात खान यांनी, त्यांना विलायती कायदे शिकवण्याची व्यवस्था केली. १९२९ साली ते इंग्लंडात उतरले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ सालीही जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी माजी जगज्जेते कापाब्लांका यांना हरवले. डावाची सुरुवात त्यांना कच्ची पडे, कारण त्यांच्या लहानपणाच्या खेळात प्यादी सावकाश चालत. शेवट मात्र ते असा खेळत की भल्याभल्यांना घाम फुटे. १९३३ च्या अखेरीस ते परतले, शेती करीत राहिले आणि १९६६ साली वारले. ग्रँडमास्टरचा मानाचा किताब त्यांना मिळाला तो २०२४ साली, मरणानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

एकच कायदा असण्याचा फायदाही आम्ही नाकारीत नाही. १९२४ साली पॅरिसला जागतिक संघटना झाली, १९५१ साली आपल्या देशाची झाली. सांगलीला तर भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ सालीच नूतन बुद्धिबळ मंडळ उभे केले होते. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. तिचे अजिंक्यपद मुंबईचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे वेंकय्या यांनी विभागून घेतले. कायदा एक नसता तर सप्रे-वेंकय्या एका पटावर बसले नसते, आणि २०२५ साली आमच्या आजोबांच्या नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला जाऊन महिलांचा विश्वचषक आणती ना. परंतु कायदा एक झाला म्हणजे फेरबदल थांबले, असेही नाही. १९९६ साली बॉबी फिशर यांनी मागच्या रांगेतील मोहरी चिठ्ठी टाकून मांडावी अशी पद्धत जाहीर केली. तिच्या ९६० मांडण्या होतात. २०१९ साली जागतिक संघटनेने त्याही पद्धतीची जगज्जेतेपदाची स्पर्धा भरवली. जगज्जेत्याने बदल केला तर नवी पद्धत, आणि पटियावरच्या म्हाताऱ्याने जपला तर चूक, हा न्याय आम्हांस पटेना.

एवढे वाचून आम्ही एका रात्री त्या मुलाच्या घरी गेलो. आजोबा पटियावरच बसले होते. आम्ही माफी मागितली. ते हसले, सरकून जागा दिली आणि म्हणाले, "मास्टरसाहब, नियम चुकीचा नसतो, ठरलेला असतो किंवा नसतो. आमच्या वेळी दुसऱ्या मोहल्ल्यातला कोणी आला की आधी विचारावयाचे: राजा उडवता का? प्यादे किती घरे? बुर्ज मानता का? आधी ठरवावे, मग बसावे. माझा नातू न ठरवता बसला. तेवढीच त्याची चूक."

आणि ती चूक खरे पाहता आमची होती. त्याला स्पर्धेला नेताना तेथील कायदे समजावून सांगणे हे आमचे काम होते. आम्ही ते केले नाही, आणि वर त्याच्या आजोबांना दोष दिला.

त्यानंतर शाळेत आम्ही दर महिन्याचा एक शनिवार देशी पद्धतीला दिला आहे. इतर दिवशी स्पर्धेचे कायदे. मुलांचा गोंधळ होत नाही, बसण्यापूर्वी ती विचारतात, "आज कोणते?" तो मुलगा आता दोन्ही पद्धती खेळतो, आणि त्याचा बुटक्यांचा किल्लाही चालू आहे.

आजोबांनी सांगितलेले कायदे आम्ही एका वहीत उतरवून घेतले. मग शेजारच्या मोहल्ल्यातील दुसऱ्या एका बुजुर्गांकडे गेलो. दोघांचे तीन ठिकाणी जमले नाही. राजासमोर राजा मांडावा की वजीर, यावरून तर त्यांनी एकमेकांना निरोपच पाठवले! आम्ही दोघांचेही म्हणणे लिहून ठेवले आहे. वहीची पाने अजून पुष्कळ कोरी आहेत, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. ड्वार्फ फोर्ट्रेसच्या प्रत्येक आवृत्तीत काय बदलले याची टिपणे राहिली आहेत; भोपाळच्या, नागपूरच्या, बऱ्हाणपूरच्या पटांवर काय ठरत असे, त्याचे टिपण आमच्या माहितीत कोणाकडे नाही.

म्हणून विश्वस्तांपुढे एक मागणे ठेवतो. पैशाचे नाही, घाबरू नये. आपल्या वाचनालयात एक जाड वही ठेवावी. ज्यांच्या घरी जुन्या पद्धतीने पट मांडला जाई त्यांनी येऊन आपापले कायदे सांगावे; लिहून घेण्यास आमचे विद्यार्थी रविवारी येतील. बुद्धिबळच नव्हे; सोंगट्या, गंजिफा, जे आठवेल ते सांगावे. आजी-मावश्यांनी अवश्य यावे, कारण घरातले खेळ त्यांच्याच आठवणीत अधिक आहेत.

आपल्या ट्रस्टलाही पन्नास वर्षे झाली. या काळात घटना बदलली असेल, वर्गणीचे दर बदलले असतील, आणि ज्यांच्यासाठी हे काम निघाले त्यांच्या गरजाही बदलल्या. आजोबांचे वाक्य येथेही लागू पडेल असे आम्हांस वाटते. बदल खुशाल करावे. सर्वांना विचारून, बसण्यापूर्वी ठरवावे, आणि डाव मांडल्यावर आपल्या सोयीसाठी राजा उडवू नये.

 ट्रस्टची शताब्दी पाहण्यास आम्ही असू किंवा नसू; वाचनालयातली ती वही तेव्हा भरलेली असावी, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.